शेजाऱ्यासाठी टोचून घ्यायची लस

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मला मलेरिया झाला. आमच्या घरात कुणाला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. आजी म्हणाली, "हिवताप आहे, आमच्याकडे दर साली कुणाला तरी व्हायचाच." बाबांनी खिडकीतला कूलर काढला आणि गच्चीवर नेऊन उपडा घातला. रक्ताच्या रिपोर्टवर 'व्हायव्हॅक्स' असं लिहून आलं. डॉक्टरांनी तीन दिवसांचं क्लोरोक्विन दिलं आणि नंतर चौदा दिवस रोज एक अशी प्रायमाक्विनची गोळी.

क्लोरोक्विन मी इमानदारीने घेतलं, कारण तेव्हा गोधड्यांखाली दात वाजत होते. प्रायमाक्विन सहाव्या दिवशी सोडलं. ताप गेला होता, इंटर्नल परीक्षा तोंडावर होती आणि त्या गोळीने मळमळायचं. पाकीट टेबलाच्या ड्रॉवरमध्ये गेलं. मार्चमध्ये, होळीच्या आठवड्यात, तीच थंडी, तोच ताप परत. व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतात जाऊन झोपतात आणि चौदा दिवसांची गोळी त्या झोपलेल्यांसाठीच असते, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

एप्रिलच्या मध्यावर आमच्या शेजारची गुड्डी आजारी पडली. पाच वर्षांची आहे. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक भिंत आणि एक नाली, एवढंच अंतर. तिलाही व्हायव्हॅक्स निघाला. तिच्या आईने माझ्याच आईला विचारलं, "आंटी, दीदी को कौन सी गोली दी थी?"

गुड्डीचा मलेरिया माझ्या रक्तातून गेला का? हे कुणालाही सांगता येणार नाही. हजार डास, शंभर माणसं. पण मी आठवडे मोजले. माझा ताप उलटल्यापासून तिला थंडी वाजेपर्यंत साधारण चार आठवडे झाले होते. डासाच्या पोटात जंतू तयार व्हायला दहा-बारा दिवस, कधी जास्त; मग माणसात ताप उभा राहायला आणखी दोन आठवडे. हिशोब बसतो. न बसला असता तर हा लेख मी लिहिला नसता.

त्यानंतर मी मलेरियाबद्दल वाचायला लागले. साहित्याची विद्यार्थिनी, जंतूंच्या जीवनचक्रात काय करते आहे असं घरी सगळ्यांना वाटलं. पण वाचता वाचता एक अशी गोष्ट सापडली की ती इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही: जी टोचून घेतली तर टोचून घेणाऱ्याला मलेरिया होऊ शकतो, पण त्याच्याकडून तो दुसऱ्याला जात नाही, अशी लस.

वाक्य परत वाचा. मलाही दोनदा वाचावं लागलं.

त्याचं काम असं चालतं. आपल्या रक्तात मलेरियाचे जंतू वाढतात आणि त्यांपैकी काही थोडे नर-मादी रूप घेतात. ते आपल्याला काही त्रास देत नाहीत, फक्त डासाची वाट पाहतात. ॲनाफिलीसची मादी चावली की रक्ताच्या घोटाबरोबर ते तिच्या पोटात जातात. तिथे नर-मादी एकत्र येतात, फलन होतं, मग तो जीव तिच्या पोटाच्या भिंतीत घुसून तिथे फोड धरतो. फोड फुटला की हजारो नवे जंतू निघून तिच्या लाळेच्या ग्रंथीत जाऊन बसतात. पुढच्या चाव्याला ते गुड्डीच्या रक्तात.

नवी कल्पना ह्या मधल्या टप्प्यावर हात टाकते. लस घेतलेल्या माणसाच्या रक्तात त्या नर-मादी रूपांवर चिकटणारी प्रतिपिंडं तयार होतात. डास रक्त पितो तेव्हा जंतूंबरोबर ती प्रतिपिंडंही पितो, आणि त्याच्या पोटात ती जंतूंना एकत्र येऊ देत नाहीत. आपलं औषध डासाच्या पोटात काम करतं! हे काही कालपरवाचं स्वप्न नाही. १९७६ मध्येच, कोंबड्यांच्या मलेरियावर, दोन वेगवेगळ्या प्रयोगांत हे दाखवलं गेलं होतं. जंतूंची ती रूपं टोचलेल्या कोंबड्यांचं रक्त पिऊनही डासांत मलेरिया पुढे सरकला नाही. रिचर्ड कार्टर हे त्यांतलं एक नाव.

पन्नास वर्षं होत आली. मग ही लस दवाखान्यात का नाही?

एक कारण विज्ञानाचं आहे, ते पुढे येईल. दुसरं कारण मला आमच्या मंडळाच्या शनिवारच्या बैठकीत ऐकायला मिळालं. मी ही कल्पना सांगितली तर एक मित्र हसून म्हणाला, "आपल्याकडे? जी लस घेऊन स्वतःला फायदा नाही, ती कोण घेणार? इथे लोक दुसऱ्याच्या दारात कचरा टाकतात." सगळे हसले. मीही हसले, कारण आमच्या गल्लीत हे रोज दिसतं. पण घरी जाताना वाटलं की तो चुकतोय, आणि त्याच्याकडेच त्याचा पुरावा आहे. त्याच्या दंडावर.

रुबेलाची लस आठवते का? २०१७ पासून देशभर गोवर-रुबेलाची मोहीम निघाली आणि नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना शाळाशाळांतून ती टोचली गेली. आमच्या शाळेतही वर्गांच्या रांगा लावल्या होत्या. मुलगेही होते रांगेत. आता रुबेला मुलग्याला झाला तर काय होतं? थोडा ताप, थोडं पुरळ, चार दिवसांत बरा. खरा धोका गरोदर बाईला, तिच्या पोटातल्या बाळाला. ते बाळ आंधळं, बहिरं, हृदयात दोष घेऊन जन्मू शकतं. म्हणजे रुबेलापुरतं बोलायचं तर त्या रांगेतल्या प्रत्येक मुलाने आपल्याला कधीच न भेटणाऱ्या एका बाळासाठी सुई टोचून घेतली. कुणी त्याला परोपकार म्हटलं नाही. सुट्टीत बर्फाचा गोळा खाल्ला आणि विसरून गेले.

दुसरा पुरावा तर सरकारी गोळीतच आहे. फाल्सिपेरम म्हणजे मलेरियाचा जीवघेणा प्रकार. आपल्याकडे त्याच्या रुग्णाला मिश्र औषधं तीन दिवस देतात, आणि त्याबरोबर प्रायमाक्विनचा एकच डोस. फाल्सिपेरममध्ये यकृतात झोपणारे जंतू नसतात, मग ही गोळी कशाला? ती असते ती डासाची वाट पाहणाऱ्या त्या नर-मादी रूपांना मारायला. रुग्ण बरा व्हायचा तो इतर औषधांनी होतोच. हा एक डोस गल्लीसाठी असतो. देशात लाखो रुग्णांनी तो घेतला आहे, कुणी नाही म्हटल्याचं ऐकिवात नाही. (मी मात्र स्वतःच्या कामाची गोळी सहाव्या दिवशी टाकली. म्हणजे प्रश्न परोपकाराचा नसून मळमळीचा असावा.)

तेव्हा "लोक घेणार नाहीत" हे मला पटत नाही. लोक घेतात, आपण त्यांना नीट सांगत नाही.

आता विज्ञानाचं कारण. इथे उत्साहाला थोडा लगाम घालावा लागतो. ह्या लशीसाठी जी प्रथिनं निवडतात त्यांतलं एक, 'पीएफएस २५', जंतू फक्त डासाच्या पोटात गेल्यावरच अंगावर आणतो. माणसाच्या शरीराला ते एरवी दिसतच नाही. त्यामुळे लशीने तयार झालेली प्रतिपिंडं उतरू लागली की त्यांना परत जागं करायला नैसर्गिक संसर्गाचा उपयोग नाही; परत सुई, परत सुई. 'पीएफएस २३०' आणि 'पीएफएस ४८/४५' ही दुसरी दोन प्रथिनं माणसाच्या रक्तातच जंतूच्या नर-मादी रूपात असतात, म्हणून तिथे आशा जास्त आहे. आफ्रिकेतल्या मालीमध्ये माणसांवर ज्या चाचण्या झाल्या त्यांत २३० हे २५ पेक्षा सरस ठरलं. चाचणीची रीत मला फार आवडली: लस घेतलेल्याचं रक्त प्रयोगशाळेतल्या डासांना पाजायचं, आठवड्याभराने एकेक डास उघडून पोटावरचे फोड मोजायचे. लशीची परीक्षा द्यायला डास बसतो.

हीच नजर रोनाल्ड रॉसची होती. अल्मोड्यात जन्मलेला हा फौजी डॉक्टर २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटावर ते फोड पाहत होता, आणि १९०२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आमच्या विभागात त्याचं नाव कुणी घेत नाही, पण तो कविता आणि कादंबऱ्याही लिहायचा. मला मात्र त्याचं एक वेगळं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याने गणित मांडून दाखवलं की मलेरिया संपवायला शेवटचा डास मारावा लागत नाही. एका रुग्णापासून सरासरी एकाहून कमी नवे रुग्ण होतील इतकं प्रसाराला खाली आणलं की आजार आपोआप विझत जातो. प्रसार रोखणारी लस शंभर टक्के प्रभावी नसली तरी चालेल, ते ह्याच गणितामुळे. आणि तिची खरी जागा आफ्रिकेतल्या दाट मलेरियाच्या गावांइतकीच, किंबहुना जास्त, आपल्यासारख्या देशात आहे, जिथे आजार आता थोडा उरला आहे पण जात नाही.

किती उरला आहे? स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख मरायचे, असा सरकारी अंदाज आहे. २०२३ मध्ये नोंदले गेलेले रुग्ण सव्वादोन लाखांच्या आसपास, मृत्यू ८३. २०३० पर्यंत मलेरिया संपवायचा असं देशाचं ठरलं आहे. ऐकायला छान आहे, पण हे आपण आधीही केलं होतं. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, डीडीटी फवारलं, १९६५ पर्यंत रुग्ण लाखभरावर आले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. डास डीडीटीला पुरून उरले, पैसा आटला, लक्ष उडालं. १९७६ मध्ये रुग्ण चौसष्ट लाखांवर. आजीचं "दर साली कुणाला तरी व्हायचाच" हे त्याच काळातलं. आजोबा नगर जिल्ह्यातून इथे बिर्लानगरच्या मिलमध्ये कामाला आले होते, आणि आजी सांगते की फवारणीवाले भिंतीवर तारीख लिहून जायचे. ती तारीख पुसायची नाही असा नियम होता. मग तारखा लिहिणंच बंद झालं.

विझत आलेल्या आजाराची खरी गोम ही की उरलेले रुग्ण आजारी दिसत नाहीत. कित्येकांच्या रक्तात जंतू असतात पण ताप नसतो. ते कामाला जातात, रात्री अंगणात झोपतात आणि डासांना जंतू पुरवतात. व्हायव्हॅक्समध्ये तर ही डासासाठीची रूपं फार लवकर, कधी ताप यायच्याही आधी रक्तात येतात. म्हणजे तुम्ही पहिल्या दिवशी दवाखान्यात धावलात तरी उशीर झालेला असू शकतो. गोळी तापाच्या मागून धावते. इथे पुढे उभी राहणारी एखादी गोष्ट हवी.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये मलेरियाची लस तयार होते, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल. ऑक्सफर्डने शोधलेली आर-२१ ही लस. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. त्याआधी २०२१ मध्ये आरटीएस,एस ह्या पहिल्या लशीची केली होती. २०२३ मध्ये जगात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं मेली, बहुतेक आफ्रिकेतली लहान मुलं, त्यामुळे पुण्याची लस तिकडे जाते हे अगदी बरोबर आहे. पण ती गडचिरोलीत दिली जात नाही, आणि त्यालाही कारण आहे. ती फाल्सिपेरमची आहे, लहान मुलांना वाचवायला केलेली आहे, प्रसार थांबवणं हे तिचं मुख्य काम नाही. महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा भार ज्या जिल्ह्यावर आहे त्याला वेगळी वस्तू हवी.

ती वस्तू कदाचित भुवनेश्वरहून येईल. आयसीएमआरच्या तिथल्या केंद्राने 'ॲडफाल्सिव्हॅक्स' नावाची लस विकसित केली आहे आणि जुलै २०२५ मध्ये तिच्या उत्पादनासाठी कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले. ह्या लशीत दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. एक भाग जंतूला आपल्या यकृतात शिरू देत नाही, दुसरा भाग (२३० आणि ४८/४५ ह्यांचे तुकडे जोडून केलेला) डासाच्या पोटातलं काम करतो. म्हणजे स्वतःसाठीही आणि शेजाऱ्यासाठीही. ती ज्या जिवाणूत वाढवतात तो 'लॅक्टोकोकस लॅक्टिस', हाच ताक आणि चीज बनवताना उपयोगी पडणारा. आणि आयसीएमआरच्या म्हणण्यानुसार ती साध्या तापमानात नऊ महिन्यांहून जास्त टिकते. मे महिन्यात ग्वाल्हेरमध्ये राहिलेल्या कुणालाही ह्या शेवटच्या ओळीचं महत्त्व समजावून सांगायला नको. वीज गेली की आमचा फ्रिज दोन तासांत कपाट होतो. जंगलातल्या उपकेंद्राचं काय होत असेल?

पण माणसांवरच्या चाचण्या अजून व्हायच्या आहेत. आणि नावातच 'फाल्सि' आहे. माझा आणि गुड्डीचा व्हायव्हॅक्स तिच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी वेगळी लस लागेल. तिच्यावर जगात काम करणारे फार थोडे आहेत, कारण व्हायव्हॅक्सने माणसं कमी मरतात. फक्त वर्षानुवर्षं परत परत पडून राहतात, शाळा बुडते, रोजी बुडते.

म्हणून लशीची वाट पाहत हात जोडून बसावं असं मी म्हणत नाही. आपल्याच मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यात २०१७ पासून एक प्रकल्प झाला. १,२३३ गावं, राज्य सरकार, जबलपूरची आयसीएमआरची संस्था आणि सन फार्माने उभं केलेलं एक प्रतिष्ठान. घरोघर जाऊन ताप शोधायचा, जागेवर तपासणी, जागेवर औषध, आणि गोळ्या पूर्ण घेतल्या का ते परत येऊन बघायचं. काही वर्षांतच तिथला मलेरिया ९१ टक्क्यांच्या आसपास घटला. कुठलीही नवी लस नव्हती. माझ्या दारात सातव्या दिवशी कुणी येऊन "गोळी दाखव" म्हटलं असतं तर हा लेख वेगळा झाला असता. आणि आपल्या शहराचंही ह्यात योगदान आहे: झाशी रोडवरच्या डीआरडीईने डास पळवणारं 'डेपा' हे रसायन इथेच तयार केलं. आपण त्या फाटकावरून टेम्पोने जातो आणि आत काय चालतं ते विचारत नाही.

ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त भीती एका गोष्टीची वाटते. लस तयार झाली की ती पहिल्यांदा जाईल आदिवासी गावांत, कारण मलेरिया तिथे आहे. आणि तिथे सांगणाऱ्याला मोह होईल अर्धंच सांगायचा: "सुई घ्या, मलेरिया होणार नाही." तसं सांगितलं, आणि लस फक्त प्रसार रोखणारी निघाली, तर सहा महिन्यांनी सुई घेतलेल्या माणसाला ताप येईल आणि तो म्हणेल, फसवलं. त्याचं बरोबर असेल. मग त्या गावात पोलिओचा थेंबसुद्धा कुणी घेणार नाही. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदऱ्यात मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा जो प्रकल्प झाला त्यात संमतीच्या कागदांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या, संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट नव्हती. विचारलं नव्हतं.

औषध चांगलं असून देणाऱ्यावरच्या अविश्वासाने नाकारलं गेल्याची एक जुनी गोष्ट आमच्याच घरातली आहे, म्हणजे आम्हा कॅथलिकांच्या. सतराव्या शतकात पेरूमधून सिंकोनाची साल युरोपात आणण्यात आणि वाटण्यात जेझुइट फादरांचा मोठा हात होता. पुढे तिच्यातूनच कोयनेल निघालं. पण तिचं नावच 'जेझुइटांची साल' पडलं, आणि त्या नावामुळेच इंग्लंडमधले कित्येक प्रॉटेस्टंट ती घ्यायला तयार नव्हते. तापाने फणफणतील पण पोपवाल्यांची पूड घेणार नाहीत. आज हसू येतं, पण त्यांनाही कुणी विश्वासात घेतलं नव्हतंच.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. ह्या लशीवर पैसा लागावा, व्हायव्हॅक्सच्या लशीवर तर नक्कीच, आणि ती आली की लोकांना पूर्ण खरं सांगितलं जावं: ही सुई तुझ्यासाठी थोडी आणि शेजारच्यासाठी जास्त आहे, आणि शेजारच्याने घेतलेली तुझ्यासाठी आहे. गोंडी, कोरकू, हिंदी, मराठी, जी भाषा घरात बोलतात तिच्यात सांगावं. हे काम डॉक्टरांना नीट जमेलच असं नाही. भाषा शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना जमायला हवं. आपण निबंधात 'समाज' शब्द इतक्यांदा लिहितो की त्याचे काही मार्क वसूल व्हायलाच पाहिजेत.

गुड्डी आता बरी आहे. तिच्या आईने तिचं प्रायमाक्विन चौदा दिवस रोज वेळेवर दिलं, कॅलेंडरवर खुणा करून. पंधराव्या दिवशी रिकामं पाकीट मला दाखवायला ती स्वतः आली. मी माझंही ह्या वेळी पूर्ण केलं होतं, पण ते तिला सांगितलं नाही. आमचा कूलर परत खिडकीत लागला आहे. दर रविवारी मासहून आलं की त्याचं पाणी काढायचं काम माझ्याकडे आहे, आणि भिंतीपलीकडच्या कूलरचंही.